उदाहरणाला उभी

औरंगपुरा, औरंगाबाद
२ फेब्रुवारी १९९४

यमुना,

वर 'चि.' लिहिलं नाही, कारण ते लिहिण्याइतकं आपल्यात काही उरलेलं नाही. 'सौ.' लिहिलं असतं तर तुला टोमणा वाटला असता. नुसतं नाव बरं.

तुझी मुलगी काल सकाळी साडेसहाच्या पिशोर गाडीनं निघून गेली. मला न सांगता. किल्ली शेजारच्या मनकर्णाबाईंकडे ठेवली आणि 'मावशीला सांगा, मी घरी जाते' एवढाच निरोप दिला. पोचली असणारच. पोचली नसती तर तुझे बद्रीनाथराव एव्हाना माझ्या दारात उभे असते.

द्वारका बारावीला आहे, हे तुला ठाऊक असेल अशी आशा करते. बावीस तारखेला तिची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. तिची प्रयोगवही इथं टेबलावर पडली आहे. तिच्यातल्या शेवटच्या चार प्रयोगांवर सरांची सही व्हायची आहे. सही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. हॉल तिकीटही कॉलेजातून स्वतः जाऊन घ्यायचं असतं. पांढरा ॲप्रन दोरीवर वाळत आहे. दोन वर्षं पहाटे पाचला उठून अभ्यास केलेली मुलगी शेवटच्या तीन आठवड्यांत ट्रंक उचलून चालती होते, आणि तुम्ही नवरा-बायको तिला घरात घेऊन बसता. याला काय म्हणायचं ते तूच सांग.

कारण विचारशील. परवा माझा निरोपसमारंभ झाला. पस्तीस वर्षं नोकरी केली, तेव्हा हार, नारळ, भाषणं हे आलंच. एका जुन्या विद्यार्थिनीनं भाषणात जुनी काहीतरी आठवण सांगितली. लोक हसले. ती तुझ्या मुलीच्या मनाला लागली. एवढंच घडलं. रात्री मी तिला जेवायला वाढलं, ती जेवली नाही. मी फार विचारलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीनं ताटावरून उठून जावं आणि मोठ्या माणसानं तिची मनधरणी करावी, ही पद्धत आपल्या घरात नव्हती. तुमच्याकडे असेल.

जून ब्याण्णवमध्ये बद्रीनाथराव तिला माझ्याकडे सोडून गेले तेव्हा तू आली नव्हतीस. मी का ते विचारलं नाही. मुलगी हुशार होती, वसतिगृहात जागा नव्हती, माझ्याकडे खोली रिकामी होती. मी हो म्हटलं. दोन वर्षांत तिला एकदाही काही कमी पडू दिलं नाही. ते उपकार म्हणून लिहीत नाही, हिशोबाला असावं म्हणून लिहिते.

तिला शनिवारच्या आत पाठव. तुला माझ्याशी काय वैर करायचं ते कर. मुलीच्या वर्षाशी करू नकोस.

अनसूया


औरंगाबाद
८ फेब्रुवारी १९९४

यमुना,

तुझं कार्ड मिळालं. पस्तीस वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर, आणि तेही दीड ओळ. 'अक्का, द्वारकी विचारते, आईला त्या दिवशी वर्गात उभं कोणी केलं. तू खरं लिहून पाठव, मग ती येईल.'

म्हणजे आता मला अटी घालायच्या. मी बाई होते, यमुना. पस्तीस वर्षं चाळीस-चाळीस मुलींच्या वर्गांना मी अटी घातल्या. अठरा वर्षांच्या मुलीनं मला पोस्टकार्डावर अट घालायची, आणि तू ती आपल्या अक्षरात लिहून द्यायची.

पण वर्ष तिचं जातं आहे, म्हणून लिहिते. तिला वाचून दाखव.

द्वारका, तू लहान आहेस, तुला त्या काळच्या शाळा ठाऊक नाहीत. पोलिस ॲक्शनला अकरा वर्षंही झालेली नव्हती. आमचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, इंग्रजी शिकवणाऱ्या बायका या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी बी. ए., बी. टी. होऊन आठ महिन्यांपूर्वी नोकरीला लागले होते. तेव्हा पुण्याहून नवीन पद्धत आली होती. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही बोलायचा नाही. शब्द सांगायचा आणि वस्तू दाखवायची. 'लाँग' म्हटलं की काठी, 'शॉर्ट' म्हटलं की खडूचा तुकडा. 'बिग' म्हणजे घागर, 'स्मॉल' म्हणजे पेला. मुलींनी आधी एकत्र म्हणायचं, मग रांगेरांगेनं, मग एकेकीनं.

फेब्रुवारी एकोणसाठमध्ये ही पद्धत बघायला पुण्याहून शिक्षणखात्याचे साहेब यायचे होते. धड्यात दहा विशेषणं होती. नऊ जमली. दहावं 'अग्ली'. त्यासाठी राक्षसाचं चित्र असलेला तक्ता पुण्याहूनच आला होता. कपाट उघडलं तर राक्षसाचं तोंड वाळवीनं खाल्लेलं. साहेब मागच्या बाकावर बसलेले. म्हणाले, जिवंत उदाहरण घ्या. आणि त्यांनी तुझ्या आईकडे बोट केलं. ती आठवीत होती, माझ्याच वर्गात. तिसऱ्या वर्षी तिला देवी आल्या होत्या. आम्ही रझाकारांच्या धास्तीनं मनमाडकडे जाऊन राहिलो होतो, परत आलो त्याच हिवाळ्यात. तोंडभर वण. साहेबाचा हुकूम मोडायला मी कोण होते? आठ महिन्यांची नोकरी होती माझी, आणि वडिलांची कचेरीतली पेशकारी निजामाबरोबरच गेलेली. घर माझ्या पगारावर होतं.

आणि त्या शब्दाबद्दल म्हणाल तर तो काही फक्त तोंडासाठी नाही. इंग्रजीत चिघळलेल्या जखमेला अग्ली म्हणतात. काळवंडून आलेल्या आभाळाला म्हणतात. मारामारीवर आलेल्या जमावाला म्हणतात. कुणाबद्दल कुजबुजत पसरवलेल्या बातमीला म्हणतात. चारचौघांत माणसाचा पाणउतारा होतो, त्या प्रसंगालाही म्हणतात. हे सगळं मी पुढे पस्तीस वर्षं शिकवलं. तोंडाचं उदाहरण पुन्हा कधी दिलं नाही.

हे खरं आहे. आता गाडीत बसायचं.

अनसूया


औरंगाबाद
१३ फेब्रुवारी १९९४

यमुना,

आज रविवार. सकाळी दहाला बद्रीनाथराव आले. मला वाटलं, मुलीला घेऊन आले. एकटेच होते. हातात वांग्यांची पिशवी. आत येईनात.

"बसा की," मी म्हटलं.

"बसतो, अक्का. पर आधी निरोप सांगतो, मग तुम्ही बसा म्हनता का ऊठ म्हनता ते बघू."

तुझ्या नवऱ्याला विनोद करता येतो, हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या ठेवला. ते उंबऱ्याच्या आत, दाराला टेकून बसले.

"पत्र वाचलं पोरीनं," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचलं. यमुना भाकरी थापू ऱ्हायली व्हती. ती सायबापर्यंत आली आन् यमुनेचा हात थांबला. म्हनली, सायेब तर त्या दिशी आलेच नव्हते."

मी तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"म्हनली, सायेब दुसऱ्या दिशी आले. पैल्या दिशी नुसती तालीम व्हती. वर्गात अक्का व्हती, आम्ही बेचाळीस पोरी व्हतो आन् दारात शिपाईणबाई व्हती. दुसरं कुणी नव्हतं." ते पाणी प्यायले. "मी कंपाउंडर मानूस, अक्का. मला इंग्रजी दवाईच्या बाटलीवरचं तेवढं येतं. मला यातलं कळत नाय. पर पोरगी म्हनती, मावशीनं पुन्यांदा खोटं लिव्हलं."

"पुन्हा?" मी म्हटलं. "याआधी कधी लिहिलं?"

"लिव्हलं नाय. हसल्या म्हनं तुम्ही. स्टेजवर. ती बाई सांगत व्हती, आन् तुम्ही हार घालून हसत व्हत्या."

प्रयोगवही नेता का, विचारलं, तर नको म्हणाले. "ती आल्याबगर वही काय कामाची?" मग बसल्या बसल्या त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. तू सांगायला लावलीस की नाही ते मला ठाऊक नाही. तू नर्स होऊन पिशोरला आलीस तेव्हा बायका देवी टोचायला पोरं बाहेर काढत नसत. कणगीमागे लपवत. तू म्हणे उंबऱ्यात बसायचीस, डोक्यावरचा पदर मागे सारायचीस आणि त्या बाईचा हात धरून आपल्या गालावरून फिरवायचीस. म्हणायचीस, "हात लाव. असं पायजे का तुझ्या पोराला?" आणि ती बाई पोराला घेऊन यायची.

"आमच्या आळीत ती आल्यामागं एकाच्या तोंडावर वन नाय," बद्रीनाथराव म्हणाले. "समद्यांच्या दंडावर हाय. मी तवाच म्हनलं, करीन तर हिच्याशीच."

तिन्हीसांजेपासून मी यावर विचार करते आहे, आणि मला राग आला आहे. तू नवऱ्याला पाठवून मला माझ्याच उंबऱ्यात खोटी पाडलीस. ठीक. साहेब त्या दिवशी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आले. पण मग मला हे सांग: मी तुझं तोंड एकदा दाखवलं, तू स्वतः शंभर दारांत दाखवलंस. मी केलं तो गुन्हा आणि तू केलंस ती सेवा? वण तेच होते ना?

वर्गात बेचाळीस मुली होत्या. त्यांतली एखादी दुसरी उठवली असती तर तिचे आई-बाप संध्याकाळी दारात आले असते. गुलमंडीत बोभाटा झाला असता. तू घरची होतीस. घरच्या माणसाला पुढे करायचं नाही तर कुणाला?

वांगी चांगली होती.

अनसूया


औरंगाबाद
१५ फेब्रुवारी १९९४

यमुना,

परवाचं पत्र पोस्टात टाकून आले आणि परतताना खडकेश्वराच्या कोपऱ्यावर उभी राहिले. पेटी उघडून पत्र काढून घेता आलं असतं तर काढलं असतं. ते आता तुझ्याकडे येईलच. त्याच्या मागोमाग हे पोचावं म्हणून पहाटेच लिहायला बसले आहे. हे मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलंस तरी चालेल. मला चालेल असं नव्हे, चाललंच पाहिजे.

तू उंबऱ्यात बसून स्वतःचा पदर स्वतः मागे सारलास. मी तुला बाकावरून उठवलं. हा फरक मला कळत नाही असं नाही. चौथीतल्या मुलीला कळेल. परवा मी तो कळत नसल्याचं सोंग केलं.

आता ऐक. क्रमानं लिहिते, म्हणजे मधलं गाळता येणार नाही.

त्या दिवशी सकाळी जालन्याहून पत्र आलं होतं. मुलगी पसंत आहे, शिकलेली आहे, परंतु धाकट्या बहिणीची स्थिती पाहता पुढे जबाबदारी आमच्यावर येईल, म्हणून क्षमस्व. असं दुसऱ्यांदा झालं होतं. वडिलांनी ते वाचून घडी केली आणि मला दिलं. तू तेव्हा माझ्या वेणीला रिबिन बांधत होतीस. ते पत्र पर्समध्ये घेऊन मी शाळेत गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यानं काही माफ होत नाही. मला माफीसाठी सांगायचंही नाही. तुझ्या मुलीनं खरं मागितलं आहे, तर ते अर्धं कसं देऊ?

कपाट उघडलं, तक्ता वाळवीनं खाल्लेला निघाला, हे खरं. मी म्हटलं, असू दे, आणि वर्गाकडे वळले. 'ब्यूटिफुल'साठी पहिल्या बाकावरची वकिलांची मुलगी उभी केली होती, तिला उभीच ठेवलं. मग तुला बोलावलं. तू हसत आलीस. तुला वाटलं, तुला खडू आणायला सांगणार. मी तुला तिच्या शेजारी उभं केलं आणि शब्द म्हटला.

तेव्हा चतुराबाई दारात होती. आपली शिपाईण. ती म्हणाली, "बाई, पोरीला बसवा. ही घ्या माझी चप्पल. हिच्यापरीस वंगाळ काय बी नाय या शाळंत." आणि तिनं खरंच पायातली चप्पल काढून हातात धरली. अंगठा तुटलेली, टाच झिजलेली, चिंधीनं बांधलेली. मुली खुदकन हसल्या. मला वाटलं, माझ्या तासाचा विचका होतो आहे. मी म्हटलं, "मध्ये बोलू नको, चतुरा. पाणी भरायला जा."

म्हणजे बघ, मला दुसरा मार्ग दिसत नव्हता असं नव्हतं. तो एका बाईनं पायातून काढून माझ्यासमोर धरला होता.

मग वर्गानं म्हटलं. यमुना इज अग्ली. एकत्र तीन वेळा. नंतर पाच रांगांनी पाच वेळा. पद्धतीत शेवटची पायरी अशी होती की जिला उभं केलं तिनं स्वतःबद्दल ते वाक्य बोलायचं. काठीला बोलता येत नव्हतं, म्हणून काठीच्या वेळी ती पायरी गाळली होती. तुझ्या वेळी गाळली नाही. मी म्हटलं, "नाऊ यू."

तू म्हणालीस, "आय ॲम आग्ली."

मी तुझा उच्चार सुधारला. "आ नाही, अ. पुन्हा म्हण." मराठी बोलायचं नाही हा नियम मी त्या तासात मुलींशी एकदाच मोडला, तो असा. तू पुन्हा म्हटलंस. बरोबर म्हटलंस. मी 'गुड' म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

हे सुधारणं मी पस्तीस वर्षं गाळत आले आहे. मनातल्या मनात आठवतानासुद्धा तुझा पहिला उच्चार आठवायचा आणि लगेच घंटा व्हायची.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तू शाळेत आली नव्हतीस. पोट दुखतं म्हणून पांघरूण घेऊन पडली होतीस. 'अग्ली'ची वेळ आली तेव्हा मी दाराकडे हात केला. चतुराबाईनं काही न बोलता चप्पल काढून दिली. मी ती वर धरली. मुलींनी एका आवाजात शब्द म्हटला. साहेब हसले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं: उत्कृष्ट. फाटक्या चपलेनं काम झालं, यमुना. पूर्ण झालं. तुझी गरजच नव्हती.

तू त्यानंतर शाळेत आली नाहीस. रस्त्यानं मुली तुला त्या शब्दानं हाक मारत, तो एकच शब्द त्या अस्खलित म्हणत. वडील म्हणाले, घरी राहू दे. मी म्हटलं, राहू दे. पुढे सातवी पासवर तू नर्सच्या कोर्सला गेलीस, तेव्हाही मी 'बरं झालं' म्हणाले. तुझ्या लग्नाला मी आले नाही. शाळेच्या परीक्षा आहेत असं कळवलं होतं. परीक्षा नव्हत्या. लोकांना वाटलं, शेतकऱ्याच्या घरात दिली म्हणून अनसूयाबाई आल्या नाहीत. मी ते वाटू दिलं. ते सांगायला सोपं होतं.

आता समारंभ. आशा नावाची मुलगी होती तुझ्या वर्गात, तिसऱ्या रांगेत. आता मोठ्या घरची बाई आहे. ती माईकवर म्हणाली, "बाईंनी शब्द नुसता शिकवला नाही, डोळ्यांसमोर उभा केला. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही. आजही तो शब्द ऐकला की मला ती मुलगी दिसते." टाळ्या पडल्या. हॉल हसला. द्वारका मनकर्णाबाईंच्या शेजारी बसली होती. मी हसले. हार जड होता, शेजारी अध्यक्ष होते, आणि माझ्या तोंडाला दुसरं काही सुचलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "मावशी, ती बहीण म्हणजे आई का?" मी म्हटलं, "जेवून घे."

झालं. हे सगळं. मुलीनं मागितलेलं खरं इतकं होतं.

आता व्यवहाराचं. मी असलेल्या घरात ती राहणार नाही, हे मला बद्रीनाथरावांच्या तोंडावरून कळलं, त्यांनी म्हटलं नाही तरी. म्हणून असं ठरवलं आहे. सतरा तारखेच्या दुपारपासून मी या घरात नसेन. शेवटचा पेपर होईपर्यंत नसेन. किल्ली मनकर्णाबाईंकडे. तू तिच्याबरोबर येऊन राहा, मुलीला परीक्षेत वेळेवर ताट लागतं. नळाला पाणी सकाळी सहा ते सात. प्रयोगवही मी काल कॉलेजात नेली. सरांनी सही द्यायला कुरकुर केली, मुलगी स्वतः का आली नाही म्हणाले. मी म्हटलं, माझ्यामुळे. त्यांनी सही केली. हॉल तिकीट मात्र तिलाच घ्यावं लागेल. समारंभाचा फोटो भिंतीवर लावला होता, तो काढून ट्रंकेत ठेवला आहे.

मी दौलताबादला चतुराबाईकडे जाते आहे. ती मुलाकडे असते, किल्ल्याखाली त्यांचं पेरूचं दुकान आहे. तिला आधी विचारलं नाही. हाकलून दिलं तर बघू.

आशालाही पत्र टाकलं आहे. तिला लिहिलं, शाळेच्या अंकात तुझं भाषण छापणार आहेत असं कळलं. छापायचं तर पुरतं छाप. चतुराबाईनं चप्पल काढून दिली होती, बाईंनी घेतली नाही, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तीच घेतली, हेही लिही. नावानिशी लिही. माझ्या नावानिशी, यमुनेच्या नव्हे. तेवढं धाडस नसेल तर सगळंच काढून टाक.

मी क्षमा मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुला पुन्हा वर्गासमोर उभी करून बोल म्हणायचा मला अधिकार नाही.

बावीस तारीख विसरू नका.

अनसूया


दौलताबाद
२६ फेब्रुवारी १९९४

यमुना,

काल बद्रीनाथराव इथं येऊन गेले. प्रात्यक्षिक झालं, बरं गेलं, असं कळलं. बरं म्हणजे किती बरं ते त्यांना सांगता आलं नाही. द्रावणाचा रंग बदलला का ते विचार. बदलला असेल तर बरं गेलं.

चतुराबाईनं मला हाकललं नाही. दारात बघून म्हणाली, "बाई, आता साळा सुटली, तवा आलात व्हय?" मी म्हटलं, हो. तिचे डोळे अधू झाले आहेत. तिला ती चप्पल आठवत नाही. मी सगळं सांगितलं तरी आठवेना. म्हणाली, "असंल. लई चपला तुटल्या माझ्या." मला वाटत होतं, निदान तिच्याजवळ तरी ती जपलेली असेल. रागही आला. मग कळलं की ते जपायचं काम तिचं नव्हतं.

सकाळी पेरू निवडायला बसवते मला. डागाळलेले वेगळे काढायला सांगते. मी काढले की परत तपासते आणि निम्मे चांगल्यांत टाकते. "नुसता वरचा डाग हाय, बाई. आत बघितलं का?" म्हणते. मी तिच्या हाताखाली आहे, त्यामुळे बोलत नाही.

आशाचं उत्तर आलं नाही. येणारही नाही.

बद्रीनाथराव तासभर बसले, पेरू खाल्ले, जायला उठले आणि मग म्हणाले, "आन् एक ऱ्हायलंच, अक्का. यमुनेनं इचारलंय, चहाची पत्ती कुठं ठेवता."

मी पुन्हा विचारलं, आणखी काय म्हणाली. काही नाही म्हणाले. एवढंच. चहाची पत्ती. त्यांना मी तोंडी काही सांगितलं नाही, लिहून पाठवते म्हटलं.

तर ऐक. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डावीकडून तिसरा डबा. त्यावर 'मीठ' लिहिलं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. मीठ बरणीत आहे. साखर खालच्या कपाटात, मुंग्यांमुळे डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला आहे. तू पूर्वी आलं किसून टाकायचीस. आलं संपलं असेल, औरंगपुऱ्याच्या मंडईतून आण, कोपऱ्यावरच्या माणसाकडून घेऊ नकोस, तो वाळलेलं देतो. नऊ दिवस तुम्ही माझ्या घरात बिनचहाच्या राहिलात की शेजारून मागून प्यायलात ते मला कळलं नाही. मनकर्णाबाईंकडून घेतला असेल तर त्या आता वर्षभर ऐकवतील. पहिल्याच दिवशी विचारायला काय झालं होतं?

शेवटचा पेपर झाला की कळव. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी एप्रिलात मला यावंच लागेल, घर माझं आहे. तेव्हा तू तिथं असलीस, तर चहा मी करीन.

अनसूया